साष्टीतील पोर्तुगीज जमीनदारांचे निर्गमन व मराठी वसाहत

ठाणे व वसई या खाड्यांनी वेढलेल्या साष्टी बेटातून आणि लगतच्या वसई प्रांतातून १७३७ ते १७४० या काळात पोर्तुगीज सरदार-जमीनदार कुटुंबांचे झालेले निर्गमन, तसेच त्यांनी मागे ठेवलेल्या गावांवर पेशव्यांच्या अमलाखाली उभी राहिलेली नवी भूव्यवस्था व वसाहत. पोर्तुगीज या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ म्हणत व त्याचे मुख्य ठाणे वसई होते. सुमारे दोनशे वर्षे जमिनीवर मालकी सांगणारा एक संपूर्ण वर्ग अवघ्या दोन-तीन वर्षांत निघून गेला. जमीन कसणारी रयत मात्र बहुतांशी जागच्या जागी राहिली. या घटनेचे वेगळेपण त्यातच आहे.

साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले, असे सामान्यतः मानतात. गोव्यातील साष्टी महालाचे नावही याच प्रकारचे असल्याने जुन्या कागदपत्रांत दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो. १७३९ साली मराठी फौजा दोन्ही साष्टींत एकाच सुमारास लढत होत्या, त्यामुळे हा संभव अधिकच वाढतो. प्रस्तुत नोंद ठाण्याच्या साष्टीविषयी आहे. उल्हास नदी कल्याणवरून ठाण्याकडे येते व तेथे तिचे पाणी दोन वाटांनी समुद्रास मिळते. मुख्य प्रवाह उत्तरेकडून वसईच्या खाडीत उतरतो, तर दुसरी वाट ठाण्याच्या खाडीने दक्षिणेस मुंबई बंदराकडे जाते. ठाण्याचे जुने गाव या फाट्याच्या पश्चिमेस, म्हणजे बेटावर आहे. कळवा, पारसिक, डोंबिवली, कल्याण व भिवंडी ही सारी पलीकडच्या मुख्य भूमीवर येतात. वसई-साष्टीच्या राजकारणात या अरुंद पाण्याचे महत्त्व फार होते. खाडीच्या एका काठी पोर्तुगीजांचा कायदा चालत असे. दुसऱ्या काठी तो चालत नसे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यावेळी नुनु द कुन्य हा पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर होता. मुलूख मिळाला, पण त्याची व्यवस्था पाहण्याइतके मनुष्यबळ वा पैसा पोर्तुगालच्या राजाकडे नव्हता. म्हणून गावे फोडून ती चाकरी बजावलेल्या लोकांना लावून देण्याची पद्धत पडली. गाव राजाचेच राही. धारकाने त्याबद्दल ‘फोरो’ नावाचा ठरीव वार्षिक सारा द्यावयाचा आणि प्रसंगी घोडा व हत्यारबंद माणसे घेऊन चाकरीस यावयाचे. ही देणगी बहुधा तीन पिढ्यांपुरती असे. पुढे तिचे नूतनीकरण होत गेले व व्यवहारात ती वंशपरंपरागत मिरास बनली. राज्याच्या आश्रयाने आलेल्या कुलीन अनाथ मुलींना हुंडा म्हणून गाव देण्याचीही चाल होती. त्यामुळे काही गावे स्त्रियांच्या नावे चालत. मुंबई बेटच सोळाव्या शतकात वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याच्याकडे अशा साऱ्याने होते. १६६५ मध्ये इंग्रजांनी ते ताब्यात घेतले, तेव्हा तेथील प्रमुख जमीनधारक दोना इनेस द मिरांदा ही बाई होती. सरदारांच्या बरोबरीने, किंबहुना काही भागांत त्यांच्याहून अधिक, जमीन जेझुइट व इतर धर्मसंघांकडे गेली होती.

या सरदारांना ‘फिदाल्गो’ म्हणत. पदवी, कुलवृत्त व दिमाख यांचा त्यांना मोठा अभिमान असे. घर वसईच्या तटाच्या आत, हवापालटासाठी बंगला साष्टीत आणि उत्पन्न भाताच्या खाचरांचे, मिठागरांचे व ताडामाडाचे, अशी त्यांची साधारण राहणी होती. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये या भागात हिंडला. खाडीकाठची त्यांची घरे, बागा व पाहुणचार यांचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, आलेला इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याने त्याच चित्राची दुसरी बाजू नोंदविली. गावच्या धन्यापुढे कुळांची स्थिती गुलामाहून फारशी बरी नव्हती आणि गाव सोडून पळणाऱ्यास जबरीने परत आणीत, असे तो सांगतो. दोन्ही वर्णने खरी मानण्यास हरकत नाही. एकाने ओटीवरून पाहिले व दुसऱ्याने शेताच्या बांधावरून.

जमीनदारीच्या जाचास धर्माच्या जाचाची जोड होती. हिंदूंची देवळे सोळाव्या शतकातच पाडली गेली होती. उघडपणे विधी करण्यास बंदी होती आणि पोरक्या मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी ताब्यात घेण्याचे नियम होते. ज्यांना शक्य होते त्यांनी पलीकडचा काठ जवळ केला. कल्याण-भिवंडीचा मुलूख प्रथम निजामशाही, मग आदिलशाही व मोगल यांच्याकडे होता. शिवाजी महाराजांनी तो १६५७ मध्ये प्रथम जिंकला व कल्याणच्या खाडीत जहाजबांधणीस आरंभ केला. पुढे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस तो कायमचा मराठ्यांकडे आला. तेव्हापासून साष्टीतून उठून गेलेल्या कुटुंबांना खाडीपलीकडे आपला म्हणता येईल असा राज्यकर्ता मिळाला. १७३७ च्या मोहिमेत कल्याण हा मराठ्यांचा तळ बनला, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

या स्वारीच्या पूर्वतयारीत स्थानिक माणसांचा वाटा मोठा होता. भिवंडीजवळील अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी अनेक वर्षे पुणे दरबारी खेपा घातल्या. खाडीचे उतार, भरती-ओहोटीच्या वेळा, पोर्तुगीज चौक्यांतील माणसांची संख्या यांची माहिती त्यांनी गोळा केली. चिंचवडच्या देव घराण्याचा त्यांना आशीर्वाद होता, असे परंपरा सांगते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्याविषयीही बखरीत अशीच हकीकत येते. अशा बखरी त्या-त्या घराण्याच्या हक्कांच्या समर्थनार्थ लिहिल्या गेल्यामुळे त्यांतील श्रेयाची वाटणी सावधपणे घ्यावी लागते. तथापि वाटाड्यांवाचून रात्रीच्या वेळी खाडी ओलांडणे शक्य नव्हते, हे उघड आहे. १७३०–३२ मध्ये पिलाजी जाधव याने भिवंडीकडून पोर्तुगीज मुलखावर केलेली स्वारी ही या मोठ्या मोहिमेची रंगीत तालीम ठरली.

त्या स्वारीमुळे पोर्तुगीज सावध झाले व ठाण्यास पक्का किल्ला बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. काम संथ चालले. गावांचे उत्पन्न खाणारे जमीनदार खर्चास हात आखडता घेत. घोडा व हत्यारबंद माणसे बाळगण्याची जी अट त्यांच्या सनदांत होती, ती बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच राहिली होती. मार्च १७३७ च्या अखेरीस चिमाजी आपाच्या फौजा कल्याणच्या बाजूने येऊन रात्री खाडी उतरल्या, तेव्हा किल्ल्याचे सर्व बुरूजही पुरे झालेले नव्हते. (मराठी इतिहासग्रंथांत २६ मार्च ही तारीख येते ती जुन्या यूरोपीय पंचांगाची. पोर्तुगीज नव्या पंचांगाने लिहीत. त्यामुळे दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडते. वसईच्या तारखांबाबतही हेच लक्षात ठेवावे लागते.) उत्तर प्रांताचा सेनापती दों लुईश बोतेल्यु हा त्यावेळी ठाण्यातच होता. लढण्याऐवजी तो नावेने कारंजाकडे निघून गेला. मागे राहिलेल्या शिबंदीचा प्रतिकार अल्पकाळ टिकला. सेनापतीच्या या वर्तनाबद्दल गोव्यात मोठा क्षोभ झाला व त्याच्या जागी आंतोनियु कार्दिम फ्रोइश याची नेमणूक झाली.

ठाणे पडताच साष्टीतील सरदार कुटुंबांची पळापळ सुरू झाली. निर्गमनाचा खरा आरंभ येथूनच धरावयास हवा. वसईची शरणागती हा त्याचा शेवट होय. बायकामुले, घरातील चाकर, चांदीची भांडी, जमिनीच्या सनदांच्या पेट्या असे जे नेता येईल ते नावांवर घालून कोणी वसईचा तट गाठला, तर कोणी माहीमची खाडी उतरून इंग्रजांच्या मुंबईत आश्रय घेतला. त्याच वर्षी घोडबंदर, बेलापूर ही ठाणीही मराठ्यांकडे आली. वसईवरील पहिला हल्ला मात्र फसला आणि पोर्तुगीजांना वाटले, की हे संकट पूर्वीसारखेच टळेल. १७३८ च्या अखेरीस पेद्रु द मेलु याने समुद्रमार्गे येऊन ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्याची वार्ता मराठ्यांना आधीच लागलेली होती व ती मुंबईच्या इंग्रजांकडून मिळाली, असा पोर्तुगीजांचा आक्षेप होता. किल्ल्यावरील तोफेचा गोळा लागून मेलु ठार झाला. साष्टीत परत जाण्याची आशा बहुतेकांनी तेथेच सोडली असावी.

जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम व तारापूर पडले. पाठोपाठ वेसावे व धारावी ही ठाणीही गेली. फेब्रुवारीपासून वसईस वेढा होता. वेढ्यात किल्लेदार मार्तिन्यु द सिल्व्हैरा द मेनेझिश मारला गेला. मुंबईकर इंग्रजांकडून मदत मिळविण्यासाठी वसईकरांना चर्चमधील चांदी व पितळी तोफा गहाण ठेवाव्या लागल्या. ती मदतही तुटपुंजी होती. सुरुंगांनी तट फुटल्यावर १६ मे १७३९ रोजी (जुन्या पंचांगानुसार ५ मे) कायतानु द सोझा परेरा याने शरणागती पत्करली.

शरणागतीची कलमे विशेष लक्षणीय आहेत. शिबंदीने हत्यारांसह, वाद्ये वाजवीत व निशाणे घेऊन बाहेर पडावे. नागरिकांना आपली कुटुंबे व जंगम मालमत्ता नेता यावी. त्यासाठी आठवड्याची मुदत असावी. ज्यांना राहावयाचे असेल त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागता यावे. आणि तीन चर्चे चालू राहावीत: एक किल्ल्यात, एक गावात व एक साष्टीत. चिमाजी आपाने ही कलमे मान्य केली व पाळली. वेढ्यात मराठ्यांची हानी पोर्तुगीजांच्या कितीतरी पट झाली होती, हे ध्यानी घेतले असता त्याचा हा संयम अधिक उठून दिसतो. कलमांत जमिनीचा उल्लेख नव्हता. माणूस, शस्त्र व पेटी यांना वाट मिळाली. गाव मात्र जिंकणाऱ्याचे झाले. पोर्तुगीज हिशेबाप्रमाणे या युद्धात त्यांनी ३४० गावे गमावली.

२३ मे रोजी वसई रिकामी झाली. निघालेले लोक प्रथम मुंबईस गेले. पावसाळा तोंडावर आल्याने गोव्याचा समुद्रमार्ग बंद होता, त्यामुळे सैनिक व सरदार कुटुंबे यांना तो पावसाळा इंग्रजांच्या आश्रयाने काढावा लागला. इंग्रजांना हे पाहुणे नकोसे होते. त्यांना पोसण्याचा खर्च होताच, शिवाय मराठ्यांची नाराजीही ओढवून घ्यावयाची नव्हती. कॅप्टन जेम्स इंचबर्ड याने जुलै १७३९ मध्ये चिमाजीशी तह करून मुंबईचा मार्ग निर्वेध केला. पावसाळ्यानंतर या लोकांना चौलपर्यंत पोहोचविण्यात आले व तेथून ते खुष्कीने गोव्याकडे निघाले. वाटेत सावंतवाडीकर भोसल्यांच्या सैन्याने त्यांच्यावर हल्ला केला आणि बरीच माणसे मारली गेली. जे पोहोचले त्यांना दिसलेला गोवाही सुखात नव्हता. मराठ्यांच्या स्वारीने तोही हादरला होता व खंडणीच्या रकमेची जुळवाजुळव चालली होती. सप्टेंबर १७४० च्या तहाने चौल व कोर्लई हीही मराठ्यांकडे गेली. उत्तर प्रांतापैकी पोर्तुगीजांकडे दमण व दीव एवढेच उरले.

मुंबईत जे थांबले त्यांची गत निराळी झाली. इंग्रजांनी बेट घेतले तेव्हा तेथील जुन्या पोर्तुगीज जमीनधारकांचे हक्क वादात सापडले होते. गव्हर्नर जेरल्ड आँजिअर याच्या काळात, १६७४ मध्ये, वार्षिक २०,००० झेराफिन सामुदायिकपणे भरण्याच्या बोलीवर ते मिटले. म्हणजे मुंबईत पोर्तुगीज जमीनदार राजा बदलूनही आपल्या वाडीत राहू शकला. साष्टीत तसे झाले नाही. येथे राजा व जमीनदार एकदमच गेले.

वसईस मराठ्यांनी ‘बाजीपूर’ असे नाव दिले. ते फार काळ रुळले नाही. प्रांताचा सरसुभा शंकराजी केशव फडके याच्याकडे आला. त्याच्यापुढील काम सोपे नव्हते. तीन हंगाम लढाई चालली होती. खाचरांचे बांध फुटून खारे पाणी आत शिरले होते. कित्येक गावांत कसणारे होते, पण त्यांच्याकडून वसूल कोणी व कोणत्या दराने घ्यावयाचा, याचे कागद पेट्यांत बंद होऊन गोव्याकडे गेले होते. पडीत जमिनीवर कौल देऊन पहिली काही वर्षे माफी व पुढे चढत्या दराने वसूल, म्हणजे इस्तावा, ही मराठी राज्यातील रूढ रीत होती व लागवड वाढविण्याचा तोच मार्ग होता. भाताचा सारा मुड्यांच्या मापाने ठरविण्याची स्थानिक वहिवाट बहुतांशी तशीच चालू राहिली. गावोगावी वतनदारांची नेमणूक व जुन्या वतनांची चौकशी सुरू झाली. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांकडे अमुक वृत्ती होती, असे सांगत खाडीपलीकडून माणसे येऊ लागली. त्यांपैकी काहींचे दावे खरे होते; काहींचे केवळ संधीचे.

वसाहतीस आलेले लोक एका जातीचे वा एका गावचे नव्हते. कल्याण, भिवंडी, चौल या बाजूंकडून पांगलेली जुनी कुटुंबे परतली. घाटावरून व दक्षिण कोकणातून कारकून, भिक्षुक, शिलेदार व व्यापारी आले. मोहिमेत उपयोगी पडलेल्यांना इनामे व वतने मिळाली. अंजूरकर नाईक त्यांपैकी होत. मात्र गाव ‘मिळाले’ याचा अर्थ पोर्तुगीज काळातल्यासारखी धनीपणाची सनद असा नव्हे. बहुतेक गावे सरकारी खालशात राहिली व मामलेदार, कमाविसदार यांच्यामार्फत वसूल होऊ लागला. कुळाच्या दृष्टीने फरक असा पडला, की त्याचा धनी आता वसईच्या तटाआड राहणारा एक सरदार नसून बदलून जाणारा अंमलदार झाला. धर्माचा जाच संपला व पळालेल्यास बांधून आणण्याची भीती कमी झाली. तथापि साऱ्याच्या जोडीला निरनिराळ्या पट्ट्या बसत गेल्या, आणि केवळ वसुलाच्या अंगाने पाहता रयतेचे ओझे हलके झाले असे म्हणता येत नाही.

नव्या अमलाची खूण देवळांतून अधिक स्पष्टपणे दिसते. वसई जिंकल्यास देवीचे देऊळ बांधीन, या चिमाजीच्या नवसास अनुसरून शंकराजी केशव याने वज्रेश्वरीचे देऊळ उभारले. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी कौपीनेश्वराचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर याने १७६० च्या सुमारास बांधविले. कल्याण व वसई यांचा कारभार एकाच सरसुभ्याकडे येऊ लागल्याने कल्याणला राजधानीचा नसला, तरी कचेरीच्या गावाचा डौल आला. तेथील सुभेदारवाड्याचे नाव त्याच काळाची आठवण देते. चर्चमधून काढलेल्या घंटा विजयचिन्हे म्हणून दूरवर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर देवळातील १७२१ सालची पोर्तुगीज घंटा त्यांपैकी सर्वांत परिचित होय.

यूरोपच्या इतिहासात या घटनेशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण आयर्लंडमधील अल्स्टर प्रांताचे आहे. इंग्लंडविरुद्धच्या नऊ वर्षांच्या युद्धात (१५९४–१६०३) पराभूत झालेले तेथील गेलिक सरदार ह्यू ओनील (टिरोनचा अर्ल) व रोरी ओडॉनेल (टिरकॉनेलचा अर्ल) हे सप्टेंबर १६०७ मध्ये राथमलन बंदरातून जहाजाने परागंदा झाले. स्पेनची मदत घेऊन परतण्याचा त्यांचा मनसुबा होता. पण ओडॉनेल १६०८ मध्ये व ओनील १६१६ मध्ये रोम येथेच मरण पावले. त्यांच्या जाण्याने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यास सहा परगण्यांतील जमीन जप्त करता आली. १६०९ पासून ती इंग्रज व स्कॉटिश धारकांना वाटण्यात आली. जुन्या रहिवाशांना हलवून स्वतःची कुळे आणून वसविण्याची अट त्यांच्यावर होती. समुद्राच्या अरुंद पट्ट्यापलीकडून स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन पंथाचे शेतकरी मोठ्या संख्येने आले व पुढील साडेतीन शतकांच्या कलहाचे बी रुजले. साष्टीतही सरदार समुद्रमार्गे गेले, परतण्याची आशा बाळगली व अरुंद पाण्यापलीकडून नवे लोक आले. परंतु साम्य येथे संपते. अल्स्टरचे परागंदा सरदार भूमिपुत्र होते व येणारे परके. साष्टीत जाणारे परके होते व येणाऱ्यांत परतलेले भूमिपुत्रही होते. शिवाय मराठ्यांनी कुळे उठवून दुसरी बसविली नाहीत. जो कसत होता, तो ख्रिस्ती असला तरी, कसत राहिला.

हे शेवटचे विधान तपासून पाहण्यास साष्टीतील ख्रिस्ती समाजच आधारभूत आहे. त्यांचे पूर्वज येथलेच कोळी, भंडारी, कुणबी इत्यादी होते. बोली मराठीची होती. नाव व उपासना तेवढी बदलली होती. गोऱ्या पाद्र्यांपैकी बहुतेक जमीनदारांबरोबर निघून गेले व त्यांच्या जागी एतद्देशीय पाद्री आले. मठ ओस पडले, दुरुस्तीअभावी कित्येक चर्चे कोसळली व त्यांचे दगड-लाकूड इतर कामांस लागले. धर्मसंघांकडील गावांचे उत्पन्न थांबल्याने चर्चचा सारा भार गरीब शेतकऱ्यांवर आला. मात्र समाज टिकला. फ्रेंच विद्वान आंकतील द्यूपेराँ १७६० मध्ये ठाण्यास आला असता तेथील चर्चचा सण त्याने पाहिला. मराठी अमलात हा उत्सव हजारो ख्रिस्ती लोकांच्या उपस्थितीत, उघडपणे व थाटाने साजरा होत असल्याची त्याने नोंद केली आहे. पोर्तुगीज अमलात हिंदूंना अशी मोकळीक नव्हती, ही गोष्ट येथे सहज मनात येते.

परागंदा सरदारांचे हक्क पोर्तुगीजांनी कधीच सोडले नाहीत. वसई परत घेण्याचे बेत लिस्बन व गोवा येथे अधूनमधून होत राहिले. १७७४ मध्ये अशा एका मोठ्या तयारीची वार्ता मुंबईस पोहोचली. साष्टी पोर्तुगीजांच्या हाती जाण्याआधी आपण घ्यावी, असे निमित्त करून इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला केला व २८ डिसेंबर रोजी किल्ला जिंकला. या लढाईत त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन याला प्राणांतिक जखम झाली. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने निषेध नोंदविला, पण त्याचा उपयोग झाला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. कल्याण व वसई मराठ्यांना परत मिळाली. म्हणजे ठाणे आणि कल्याण यांच्यामधील खाडी पुन्हा एकदा दोन राज्यांची सीमा बनली व १८१७–१८ पर्यंत तशीच राहिली. मराठ्यांनी १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीजांना पुढे नगर-हवेलीतील गावे दिली. त्यांचा साष्टीच्या जुन्या हक्कांशी संबंध नव्हता.

इंग्रजी अमलात साष्टीतील गावांना तिसऱ्या प्रकारचे धनी लाभले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईसारखी गावे मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांना कायम पट्ट्याने देण्यात आली; पवईचे धारक फ्रामजी कावसजी बनाजी हे त्यांपैकी प्रमुख होत. साष्टीच्या ख्रिस्ती लोकांना इंग्रज सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. ज्या सरदारांच्या जाचाखाली त्यांचे पूर्वज राबले, त्यांचेच नाव त्यांना चिकटले. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले व त्याच नावाची संस्था स्थापन केली. वसई, उत्तन, गोराई, मनोरी, मरोळ, ठाणे या ठिकाणी हा समाज आजही आहे.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभिला, मराठ्यांनी पुरा केला व इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तेथूनच निसटला. तटाच्या आत आजही मध्यवर्ती कारागृह आहे. मासुंदा तलावाच्या परिसरात कौपीनेश्वराचे देऊळ व पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च ही दोन्ही एकमेकांपासून थोड्या अंतरावर असून दोहोंत नित्य उपासना चालते.